परत देण्याचं कारण

त्या घरातल्या मुली आवाज करत नसत. खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "मुली असाव्यात तर अशा! वर दोन पोरी राहतात हे माझ्या छतालासुद्धा ठाऊक नाही." आता आजोबांचा उजवा कान पार गेलेला आणि डावा जायच्या वाटेवर, त्यामुळे त्यांच्या साक्षीला तसा काही अर्थ नव्हता. पण या एका बाबतीत म्हातारा अगदी खरं बोलत होता.

थोरली आठ वर्षांची. धाकटी पाच वर्षांची, तिला सगळे ठमी म्हणायचे. शाळेतून तीनला यायच्या, आजोबांकडून किल्ली घ्यायच्या, आणि आई चारला घरी पोचेपर्यंत आजोबांनी त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं असं ठरलेलं होतं. म्हणजे आजोबा आपल्या खुर्चीत झोपायचे. आई येऊन बघते तर दोघी जमिनीवर बसून चित्रं रंगवताहेत. भांडण नाही, पडापड नाही, टीव्ही लावला तरी आवाज बंद करून लावलेला. थोरलीने खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले होते. आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा पोरींचं असं वागणं कौतुकाचं की काळजीचं? पण लोकांचं काय, आपल्या डोक्यावर कुणी नाचलं नाही म्हणजे झाली मुलं गुणी.

मुलींच्या आईला सगळी गल्ली कानवाली म्हणायची. चौकातल्या कानाच्या दवाखान्यात लोकांना ऐकू किती येतं ते तपासायचं तिचं काम. जाड दाराची, आतून स्पंज लावलेली एक छोटी खोली होती. माणसाला त्यात बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, आणि बाहेर काचेपलीकडे बसून यंत्राची बटणं दाबायची. "आवाज आला की बोट वर करा. कितीही बारीक आला तरी करा," हे वाक्य ती दिवसातून वीसदा म्हणायची. आणि इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट कळून चुकली होती. काही माणसं यंत्र गप्प असतानाही बोट वर करतात. खोटं बोलत नाहीत बिचारी. ज्याला ऐकायची फार आस असते त्याला नसलेलंही ऐकू येतं.

दहा महिन्यांपूर्वी त्या घरात तिसरं मूल होतं. बाळ. नाव ठेवायचं राहूनच गेलं. हृदयात दोष घेऊन आलं होतं, अंगी लागत नव्हतं, म्हणून कानवाली रोज त्याचं वजन करून वहीत लिहायची. सात आठवडे. मग एका दुपारी चारच्या सुमारास ते निळं पडलं, दवाखान्याची गाडी आली, आणि गाडीतून परत आली ती फक्त दुपटी.

मुलींना चार दिवस आत्याकडे ठेवलं होतं. परत आल्या तेव्हा बाळाच्या खोलीचं दार लावलेलं होतं. ठमीने विचारलं, "बाळ कुठंय?" बाबाने बायकोकडे पाहिलं. बायकोला सांगायचं होतं एक आणि तोंडातून बाहेर पडलं दुसरंच. "दवाखान्यात ठेवलंय. तिथे त्याची नीट काळजी घेतात."

उद्या सांगू, असं दोघांनी ठरवलं. मग परवा. मग जरा सावरल्यावर. मुलींनी पुन्हा विषय काढला नाही, आणि मोठ्यांनी आपल्या मनाची समजूत घातली की लहान आहेत, विसरल्या. विसरल्या म्हणे! आपल्या सोयीचं काय असेल ते पोरांच्या नावावर खपवायची ही मोठ्यांची जुनीच खोड. ते दार दहा महिने बंद राहिलं. घरात फिरताना सगळे त्या दाराशी आले की नकळत पाऊल हलकं टाकायचे.

तर अशा घरात मांजर आलं ते असं. मांजरवाल्या मावशी कान तपासून घ्यायला दवाखान्यात आल्या होत्या. टाकून दिलेली मांजरं गोळा करायची, औषधपाणी करायचं, आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकडे तरी तात्पुरती सांभाळायला द्यायची, हा त्यांचा उद्योग. तीस मांजरांच्या कालव्यात राहून त्यांचे स्वतःचे कान बसले होते. कानवालीने तपासणी झाल्यावर सहज विचारलं, "एखादं मांजर सहा आठवड्यांसाठी द्याल का?" सहज म्हणजे तोंडाने सहज. दहा महिन्यांत थोरलीने एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही कागदावर लिहून, आईच्या डब्याखाली ठेवून: 'थोडे दिवस मांजर आणूया का? आम्ही आवाज करणार नाही.'

"लहान पोरं असलेल्या घरी मी देत नाही," मावशी म्हणाल्या. "शेपट्या ओढतात, किंचाळतात. मग चार दिवसांनी मांजर परत माझ्या दारात." तरी घर बघायला आल्या. अर्धा तास बसल्या, चहा घेतला, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोघींकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, या मुली आहेत की भिंतीवरची चित्रं? यांना नाही द्यायचं तर कुणाला!"

शनिवारी जाळीच्या पेटीतून मांजर आलं. पांढरंशुभ्र, एक कान फाटलेलं, निळे डोळे. मावशींनी नियम सांगितले. पहिले पंधरा दिवस मांजराला एकाच खोलीत, दार लावून ठेवायचं. रोज वजन करायचं, खाणंपिणं लिहून ठेवायचं. गोंगाट नको, बिचकलेलं असतं. जमलं नाही तर फोन करायचा, फॉर्म भरायचा आणि परत द्यायचं. फॉर्म त्यांनी टेबलावर ठेवला. थोरलीने तो वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिने ठमीला हळूच काहीतरी सांगितलं. ती ओळ होती, 'परत देण्याचं कारण.'

"मग, खोली कुठली?" मावशींनी विचारलं.

दार लावता येईल अशी मोकळी खोली घरात एकच होती. बाबा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना रोज बाहेर काढायचा. पण त्या एका दाराची कडी काढायला त्याला दोनदा हात लावावा लागला. आत सगळं तसंच होतं. छोटा पलंग, भिंतीशी वजनकाटा, खिडकीच्या कट्ट्यावर खुळखुळा. मांजर पेटीतून निघालं, खोलीभर हुंगत फिरलं आणि सरळ बाळाच्या पलंगावर जाऊन मुटकुळं करून झोपलं. कानवाली तिथून जी बाहेर पडली ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आवाज आला तो मंगळवारी.

कानवाली कामावरून परतत होती. हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर पोचलेली. वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. मांजराचं म्यांव कसं असतं ते तिला काय ठाऊक नव्हतं? हे ते नव्हतं. हे होतं भुकेलं, चिडलेलं, शेवटी चिरकत जाणारं तान्ह्या बाळाचं रडणं. तिची छाती भरून आली, अगदी दहा महिन्यांपूर्वी यायची तशी, दुखेपर्यंत. पिशवी जिन्यात पडली, बटाटे गडगडत खाली गेले. ती धावत सुटली.

दार उघडलं तेव्हा घर चिडीचूप. दोघी जमिनीवर चित्रं रंगवत होत्या. तिने खोलीचं दार ढकललं. ते भिंतीवर आपटलं. पलंगावर मांजर गाढ झोपलेलं, दार एवढं आपटलं तरी डोळासुद्धा उघडला नाही.

"आवाज कसला होता?" तिने विचारलं.

"कसला आवाज?" थोरली म्हणाली.

"रडण्याचा. आत्ता. तुम्हाला नाही आला?"

ठमीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने आईकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नाही आई. काहीच आवाज नाही आला."

बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा. चार वाजले की, कधी जिन्यात, कधी दाराशी चप्पल काढताना. एकदा घड्याळात बघून ती मुद्दाम जिन्यातच थांबली, आणि आलाच तो आवाज, तिला बोलावत असल्यासारखा. दरवेळी आत जावं तर मुली गप्प, मांजर झोपलेलं, आणि उत्तर एकच, "नाही आला." आजोबांना विचारण्यात अर्थच नव्हता. तिच्या अंगावर काटा यायला लागला. दुपटं जरा सरकलेलं दिसायचं. खिडकीतला खुळखुळा एके दिवशी उशाशी सापडला.

नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ पायातले बूट न काढता बसून राहिला. "मी त्या वेळी घरी नसतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "देऊन टाकू ते मांजर. खोली उघडली तेच चुकलं. नको ती पीडा मागे लागली."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कानवाली दवाखान्यातल्या त्या स्पंजाच्या खोलीत स्वतः जाऊन बसली. यंत्र आपोआप चालेल असं लावलं, हेडफोन घातले. एकटीने तपासताना बोटाऐवजी हातातलं बटण दाबायचं असतं. जाड दार बंद झालं. त्या खोलीत स्वतःचा श्वास ऐकू येतो, नाडी ऐकू येते. ती डोळे मिटून बसली आणि आवाज आला की बटण दाबत गेली. बाहेर येऊन कागद बघते तर यंत्राने आवाज दिले होते तीस. तिने बटण दाबलं होतं एक्केचाळीस वेळा.

वरचे अकरा कुणाचे, ते ती कुणाला विचारणार? कागदाचे बारीक तुकडे करून तिने टोपलीत टाकले.

त्या दिवशी घरी आल्यावर तिला ती वही दिसली. बाळाच्या वजनाची वही, पलंगाखाली. शेवटची ओळ तिच्या स्वतःच्या अक्षरातली: 'तीन किलो शंभर.' आणि त्याच पानावर, एक ओळही न सोडता, खाली लहान मुलाचं गोल अक्षर: 'तीन किलो दोनशे. दूध प्यालं. आज रडलं. कुणाला सांगितलं नाही.'

मांजराचं लिहिलंय, मांजराचंच, हे तिला कळत होतं. मावशींनीच सांगितलं होतं ना वजन लिहायला! पोरीला घरात वही सापडली, काटा सापडला, तिने लिहिलं. सगळं कळत होतं, पण जिथे एकदा वजन थांबलं होतं तिथून ते शंभर ग्रॅमने वाढलेलं बघून ती वही घेऊन फरशीवरच बसली. 'आज रडलं' हे शब्द तर तिने नीट वाचलेच नाहीत. वाचले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला डोळे असून नसल्यासारखेच.

तिने तिथूनच मावशींना फोन लावला.

"नाही जमत, मावशी. उद्या घेऊन जा."

"अगं पण का? मांजर खात नाही का?" मावशींना दोनदा सांगावं लागत होतं, म्हणून ती मोठ्याने बोलत होती. "फॉर्मात कारण लिहावं लागतं गं. काय लिहू?"

आता काय सांगणार? माझं मेलेलं बाळ त्या खोलीत रडतं, असं? तोंडाला आलं ते तिने सांगून टाकलं. "लिहा, घरात लहान मुलं आहेत. गोंगाट होतो. मांजराला त्रास होतो."

फोन ठेवून वळली तर दारात थोरली. हातात आईसाठी आणलेला पाण्याचा पेला. तिने तो जमिनीवर ठेवला, इतका हळू की काच फरशीला लागल्याचाही आवाज आला नाही, आणि निघून गेली. रात्री जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. आईने कपाळाला हात लावला तर डोळे मिटून घेतले.

शनिवारी कानवाली घरीच होती. मावशी पाचला येणार होत्या. बाबा कुठली तरी बंद पडलेली लिफ्ट चालू करायला गेला होता. चारला पाच मिनिटं कमी असताना ती स्वयंपाकघरात मांजराची ताटली धुवत होती. परत देताना सामान तरी स्वच्छ द्यावं म्हणून. आणि आवाज आला. भिंतीपलीकडून, इतक्या जवळून की तिच्या दंडावरचे केस उभे राहिले. या वेळी तो मध्येच दबला. कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा.

ताटली हातात तशीच घेऊन ती धावली आणि दार उघडलं.

थोरली पलंगावर बसली होती. मांडीत बाळाचं दुपटं गच्च गुंडाळलेलं, आणि त्यातून बाहेर आलेलं पांढरं डोकं ती दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरत होती. मांजर धडपडत होतं आणि तोंड सुटेल तेव्हा तेच रडणं रडत होतं. थोरलीच्या हातावर नख्यांच्या तीन लाल रेघा उमटल्या होत्या, रक्त ओघळत होतं, पण पोरीच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. ती मांजराच्या कानात कुजबुजत होती, "गप. गप ना रे. परत देतील तुला. गप." ठमी कोपऱ्यात ओठांवर बोट ठेवून उभी होती, रोज ठेवत असल्यासारखी.

"सोड त्याला!"

कानवाली अशी ओरडली की तिलाच दचकायला झालं. हातातली ताटली सुटली, फरशीवर आदळली आणि खणखणत भिंतीपर्यंत गोल गोल फिरत गेली. दहा महिन्यांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. थोरलीचे हात सुटले. ठमीने कान झाकले. मांजर दुपट्यातून निसटून खिडकीच्या कट्ट्यावर गेलं, सगळ्यांकडे पाठ करून बसलं आणि पंजा चाटायला लागलं. मागे ताटली अजून खणखणत होती. त्याने मान वळवली नाही. ना फाटका कान हलवला, ना धड कान.

कानवाली बघतच राहिली.

मग तिने उशाशी पडलेला खुळखुळा उचलला. जी मुलं बोट वर करण्याइतकी मोठी नसतात, त्यांच्या मागे उभं राहून खुळखुळा वाजवायचा आणि मूल वळतं का बघायचं, हे तिचं रोजचं काम. मांजराच्या मागे जाऊन तिने तो वाजवला. डाव्या बाजूला. उजव्या बाजूला. टाळी वाजवली. मांजर पंजा चाटत होतं. तिने पाय जोरात आपटला, तेव्हा कुठे जमीन हादरल्याचं कळून ते वळलं, तिला बघून दचकलं आणि तोंड उघडून रडलं, अगदी तान्ह्या बाळासारखं, कारण आपण किती मोठ्याने रडतोय ते त्याला कधी कळलंच नव्हतं.

"बहिरं आहे," ती म्हणाली. "अगं, ठार बहिरं आहे हे!"

आणि तिला हसू फुटलं. खो खो हसत ती खाली बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशींच्या घरी तीस मांजरांच्या कोलाहलात हे एक बहिरं कुणाला कळणार? पण कानवालीच्या घरात! आठ दिवस! इथे तरी कसं कळणार होतं? बहिऱ्याला बहिरं म्हणायला आधी कुणीतरी आवाज करावा लागतो, आणि इथे मोजे घातलेल्या खुर्च्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

"म्हणजे तुम्ही कितीही ओरडा, याला फरक पडत नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "रोज तुम्हीच गप्प करत होतात का याला? आणि मला सांगत होतात आवाज नाही आला?"

मुली हसल्या नाहीत. थोरली मांजराकडे बघत होती. मग आईकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं की आईचं हसू जागीच थांबलं.

"आई," ती म्हणाली, "मग बाळालापण ऐकू यायचं नाही का?"

"का गं? असं का विचारतेस?"

"मी शिट्टी वाजवली होती." थोरली कुजबुजतच बोलत होती, दुसरं बोलणं जणू तिला येतच नव्हतं. "त्या दिवशी. तू म्हणालीस, किती आवाज करतेस, बाळाला त्रास होतो. तरी मी अजून एकदा वाजवली. मग गाडी आली आणि त्याला परत घेऊन गेली. मी मग आवाजच नाही केला. ठमीलापण नाही करू दिला. पण नाही आणलं त्यांनी." ती थांबली. "त्याला ऐकूच येत नसेल, तर माझ्यामुळे नाही ना नेलं?"

असं काही आपण बोललो होतो? कानवालीला आठवेना. बोललो असू. दिवसात शंभर गोष्टी बोलतो आपण पोरांना, आणि त्यातली एक घेऊन पोर दहा महिने मुकी होते.

आता नुसतं हो म्हणायचं होतं. एक मान हलवली की पोरगी सुटली असती. बहिरं होतं गं बाळ, नाही ऐकली त्याने तुझी शिट्टी, आणि झालं. पण मागच्या वेळीही तिने असंच एक सोपं वाक्य सांगितलं होतं, आणि त्या वाक्यावर पोरींनी काय बांधलं ते समोर दिसत होतं.

"ऐकू यायचं," ती म्हणाली. "चांगलं यायचं. दहा दिवसांचं होतं तेव्हा मीच कान तपासले होते त्याचे. दोन्ही कान लख्ख."

थोरलीचा चेहरा विझला.

"ऐक माझं. इकडे बघ. तुझी शिट्टी त्याला ऐकू यायची आणि ती वाजली की ते पाय झाडायचं. शेवटच्या आठवड्यात तर हसायला लागलं होतं. माझ्याकडे बघून नाही, बाबाकडे बघून नाही. तुझा आवाज आला की." तिने श्वास घेतला. "त्याच्या हृदयात दोष होता. पोटात होतं तेव्हापासून. शिट्टीने कुणी मरत नाही, राणी. बाळाला कुणी परत नेलं नाही. बाळ मेलं. मी खोटं बोलले तुमच्याशी. ते दवाखान्यात नाहीये. ते कुठेच नाहीये."

मग कोपऱ्यातून ठमीने विचारलं, "मुंगी मरते तसं?"

"हो."

ठमीने दोघींकडे आळीपाळीने बघितलं, तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. असलं भोकाड, की खिडकीची काच थरथरावी. थोरलीचा हात सवयीने तिच्या तोंडावर गेला. आईने तो हात धरला आणि बाजूला केला. "रडू दे," ती म्हणाली. "तूपण रड." खाली आजोबांच्या त्या कानांनाही ते ऐकू गेलं आणि त्यांनी पहिल्यांदा मान वर करून छताकडे पाहिलं, असं त्यांनीच नंतर सगळ्यांना सांगितलं.

थोरली रडली नाही. ती आईच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "तू विचारायचीस ना, आवाज आला का म्हणून. मी नाही म्हणायचे. पण मला यायचा."

"मांजराचा. कळलं गं मला."

"मांजराचा नाही. मांजर आणायच्या आधीपासून. चार वाजता. दार बंद असायचं तरी." तिने आईकडे न बघता विचारलं, "खरा होता का तो?"

कानवालीला त्या कागदावरचे अकरा आठवले. एकाच घरात, एकाच दाराबाहेर दोघी तेच ऐकत होत्या, एक दहा महिने, एक पाच दिवस, आणि मनातलं एकमेकींपासून लपवत होत्या. यंत्राला विचारलं असतं तर यंत्र म्हणालं असतं, आवाज दिलेलाच नाही. तिने थोरलीचा ओरखडलेला हात आपल्या हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं, दवाखान्यात माणसं करतात तसं.

"मलापण येतो," ती म्हणाली.

थोरलीने त्या बोटाकडे पाहिलं. मग स्वतःचं बोट वर केलं. आणि मग तिला रडू आलं, मोठ्याने, गळा काढून, ठमीच्या वरताण. ठमीने काय चाललंय ते न कळताच हुंदक्यांमध्ये आपलंही बोट वर केलं. मांजर उडी मारून पलंगावर आलं, त्या सगळ्या गदारोळाच्या मधोमध दुपट्यावर गोल फिरलं आणि झोपून गेलं.

पाच वाजले तेव्हा दाराची बेल वाजली. एकदा, मग पुन्हा, मग बोट दाबूनच धरलेलं. मावशींना आपली बेल वाजते की नाही तेच कळत नसावं. ती वाजतच राहिली. खोलीतल्या तिघींपैकी एकीनेही बोट वर केलं नाही.